बोटं दुखतात म्हणून वाद्य सुटू नये
(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. आपल्या तुकडीने शाळेच्या संगीताच्या वर्गाला वाद्यं भेट द्यायची असं ग्रुपवर ठरलं. त्यावर मी लिहिलं होतं, "नुसती वाद्यं देऊ नका, मुलांच्या बोटांचाही विचार करा." त्याचा अर्थ कोणालाच कळला नाही, म्हणून आज मला इथे उभं केलंय. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दिवसभर कीबोर्डवर बोटं चालवते आणि संध्याकाळी सतारीवर. गाण्यातली अधिकारी व्यक्ती मी नाही. पण बोटं दुखणं या विषयात गेल्या चार वर्षांत माझा चांगला अभ्यास झालाय.

त्याचं कारण आधी सांगते. बेचाळिसाव्या वर्षी मला मधुमेह असल्याचं निघालं. (हसू नका, मघाशी चहाच्या टेबलावर "बिनसाखरेचा कुठला?" असं विचारणारे मी मोजलेत, अकरा जण होते!) त्याच वर्षी मी सतार शिकायला लागले. दोन्ही एकाच वेळी सुरू झाल्यामुळे माझ्या डॉक्टरांचं आणि गुरुजींचं म्हणणं एकमेकांशी जुळेना. गुरुजी म्हणायचे, "रोज बसा, बोटाला घट्टा पडल्याशिवाय सूर लागत नाही." डॉक्टर म्हणायचे, "बोटाला जखम होऊ देऊ नका. तुमची जखम भरायला वेळ लागतो." आता सतार वाजवायची आणि बोटाला काही होऊ द्यायचं नाही, हे दोन्ही एकत्र कसं जमायचं? सोडून देणं सगळ्यात सोपं होतं, आणि घरच्यांनी ते सुचवलंही. मला सोडायचं नव्हतं. म्हणून आपला नेहमीचा धंदा केला, प्रश्नाचे तुकडे पाडले.

पहिला तुकडा म्हणजे बोट दुखतं कशाने. सतारीची बाजाची तार पोलादाची असते, जाडी साधारण ०.३ मिलिमीटर. ती बोटाच्या पेराच्या मांसल भागावर एका बारीक रेषेत रुतते. गिटारसारखी ती नुसती दाबून भागत नाही, मींड घेताना पडद्यावर आडवी खेचावी लागते. आपल्या विज्ञानाच्या सरांनी शिकवलेलं सूत्र आठवा. तारेचा सूर दुप्पट उंच करायचा तर ताण चौपट लागतो. म्हणजे 'सा'च्या पडद्यावरून 'म'पर्यंत मींड घ्यायची, तर सुराची कंपनं चार-तृतीयांश पट होतात आणि ताण त्याच्या वर्गाने वाढतो, पावणेदोन पटीहूनही किंचित जास्त. 'प'पर्यंत गेलात तर सव्वादोन पट. हा सगळा वाढीव भार एवढ्याशा कातडीवर येतो. हे गणित मांडल्यावर मला बरंच हायसं वाटलं. दुखण्यामागे आपला नाजूकपणा नसून भौतिकशास्त्र आहे, हे कळलं.

दुसरा तुकडा, घट्टा पडतो कसा. कातडीवर वारंवार, पण झेपेल इतका दाब पडला की वरचा थर हळूहळू जाड होत जातो. दाब आणि घर्षण एकदम जास्त झालं तर कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात, मध्ये पाणी भरतं आणि फोड येतो. फोड फुटला की वरची तयार झालेली कातडी निघून जाते आणि खाली कोवळी राहते. म्हणजे चार दिवसांची कमाई एका संध्याकाळी गेली. म्हणून 'रक्त येईपर्यंत रियाज' या गोष्टी ऐकायला कितीही छान वाटल्या, तरी कातडीच्या हिशेबात तो तोट्याचा व्यवहार आहे. रोज दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे हे रविवारच्या दोन तासांपेक्षा कितीतरी चांगले. साधारण तीन-चार आठवड्यांत बोट तयार व्हायला लागतं. आणि मध्ये दोन-तीन आठवडे वाद्य बंद राहिलं की परत मऊ पडायला लागतं, हेही लक्षात ठेवा.

आता माझी रोजची पद्धत सांगते. यातलं बरंचसं गुरुजींचं आहे, थोडं डॉक्टरांचं.

पहिली गोष्ट, ओल्या हाताने बसायचं नाही. आंघोळ केल्यावर किंवा भांडी घासल्यावर कातडी फुगून मऊ झालेली असते, आणि अशा कातडीत तार लगेच रुतते. निदान अर्धा तास जाऊ द्यायचा. माझ्या घरी त्यामुळे "आधी रियाज, मग भांडी" असा नियम झालाय. बऱ्याचदा रियाज संपेपर्यंत दुसऱ्या कोणीतरी भांडी घासलेली असतात. हा या विद्येचा अवांतर फायदा.

दुसरी गोष्ट, तेल. सतारिये जवळ एक छोटी डबी ठेवतात, त्यात खोबरेल तेलात भिजवलेला कापूस असतो. डाव्या हाताची पहिली दोन बोटं त्याला नुसती टेकवायची. तेलाने बोट तारेवरून सरकतं आणि घर्षण कमी होतं. मात्र बसून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तार पुसायची. घामाने आणि पावसाळ्याच्या दमट हवेने तार गंजते, आणि गंजलेली तार बोटावर कानशीसारखी चालते. तार बदलायला फार पैसे लागत नाहीत, पण बोट बरं व्हायला आठवडा जातो.

तिसरी गोष्ट, दाबायचं किती. बहुतेक नवे लोक गरजेच्या दुप्पट जोर लावतात. त्यावर एक साधी परीक्षा आहे. बोट पडद्याच्या अगदी लगत, मागच्या बाजूला ठेवा. स्वर नीट वाजत असताना जोर हळूहळू कमी करत या. एका क्षणी तार खरखरेल. त्याच्या किंचित वर जेवढा जोर असेल तेवढाच लागतो, बाकीचा फुकट. पडद्यापासून बोट लांब ठेवलं तर तोच स्वर काढायला जास्त दाबावं लागतं. गिटारलाही हे तंतोतंत लागू आहे. आणि लांब मींड घेताना तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही लावायची. जोर मनगट आणि हातातून यायला हवा. गुरुजी म्हणतात, "बोट फक्त तारेला धरतं, ओढतो तो हात."

चौथी गोष्ट, वाद्याचा ताण. आमच्या वर्गात सगळ्यांच्या सतारी काळी एकला लावलेल्या असत. सुरुवातीचे सहा महिने गुरुजींनी माझी सतार, तरफांसकट, पांढरी एकला उतरवून दिली. एका स्वराच्या अर्ध्या फरकाने तारेचा ताण साधारण अकरा टक्क्यांनी कमी होतो. ऐकणाऱ्याला कळतही नाही, बोटाला मात्र लगेच कळतं. फार उतरवून चालत नाही, कारण तार सैल पडते आणि जवारी बोलत नाही. बारीक तार लावणं हा दुसरा उपाय. पण तिथे देवाणघेवाण आहे. बारीक तारेला ताण कमी लागतो, पण ती रुततेही जास्त बारीक रेषेत. ज्याला जे मानवेल ते त्याने घ्यावं.

उजव्या हाताकडेही बघायला हवं. तर्जनीत घालायची तारेची नखी घट्ट झाली तर नखाच्या दोन्ही बाजूंना काचते आणि बोट निळं पडतं. सैल झाली तर वाजवताना फिरते. ती पक्कडीने आपल्या बोटाला जुळवून घ्यावी लागते. उन्हाळ्यात बोट जरा सुजलेलं असतं, म्हणून मी दोन मापांच्या नख्या ठेवते.

आता मधुमेहाच्या अकरा जणांसाठी आणि ज्यांनी अजून तपासणी केलेली नाही अशा उरलेल्यांसाठी. साखर तपासायला आपण बोट टोचतो. मी सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारलं, "कुठलं बोट टोचू? डावी तर्जनी आणि मधलं बोट तारेचं, उजवी तर्जनी नखीची." ते हसले आणि म्हणाले, "मग उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं. आणि मधोमध टोचू नका, कडेला टोचा, तिथे दुखतंही कमी." असं वेळापत्रक ठरलंय. घरात सगळ्यांना माहीत आहे की आईची करंगळी डॉक्टरांची आणि तर्जनी गुरुजींची.

पण खरी काळजी वेगळी होती. जुन्या मधुमेहात नसांवर परिणाम होतो आणि स्पर्श कमी कळायला लागतो. इकडे घट्टा पडल्यावरही बोटाचं टोक बधिर लागतं. मग कुठला बधिरपणा कशाचा, हे ओळखायचं कसं? या प्रश्नाने मला काही रात्री झोप लागली नाही. डॉक्टरांनी पायाला नायलॉनचा एक बारीक धागा टेकवून तपासलं, डोळे मिटून सांगायचं की स्पर्श कळतो की नाही. मग हाताची सगळी बोटं पाहिली. ते म्हणाले, "नसांचं दुखणं सहसा आधी पायात दिसतं, हातात नंतर. तुमचे पाय चांगले आहेत, अनामिका आणि करंगळीही चांगली आहे. फक्त तारेची दोन बोटं पेरावर बधिर आहेत. म्हणजे हा घट्टा. वाजवा." आणि जाताना म्हणाले, "तार टोचते हे कळतंय, ही तुमच्यासाठी चांगली बातमी आहे."

तेव्हापासून दुखण्याकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली. दुखणं घालवायचं नसतं, ते वाचायचं असतं. वाजवल्यानंतर पेरावर हुळहुळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं, तर ते नेहमीचं. पण सांध्यात दुखायला लागलं, रात्री मुंग्या येऊन जाग आली, बोट वाकवल्यावर अडकून खटकन सुटायला लागलं, किंवा कातडी चिरून लाल झाली, तर वाद्य खाली ठेवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. ते अडकणारं बोट, ज्याला ट्रिगर फिंगर म्हणतात, मधुमेह असणाऱ्यांत जास्त आढळतं. अंगावर काढू नका. घट्टा ओढून सोलू नका. त्याची कड वर आली तर बारीक कानशीने घासून सपाट करा, नाहीतर तारेत अडकून फाटते. फोड फोडू नका. आणि काही गिटारवादक बोटाच्या चिरेवर झटपट चिकटणारा गोंद लावतात, ते आपण मधुमेहींनी तर अजिबात करू नये.

बोटाला टोप्या किंवा चिकटपट्टी लावून वाजवावं का, असंही लोक विचारतात. बाजारात सिलिकॉनच्या टोप्या मिळतात. दोन-चार दिवस चीर भरेपर्यंत त्या चालतील, पण सूर बोदा येतो, तार बोटाला कळत नाही आणि घट्टाही पडत नाही. ज्यांना दुसरा पर्यायच नाही त्यांची गोष्ट वेगळी. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ मध्ये यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, गिटारला बारीक तारा लावल्या. पुढे त्याने ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७१ च्या तबकडीत काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. गणित केलं तर तेवढ्याने ताण जवळजवळ २९ टक्के कमी होतो. त्या उतरवलेल्या गिटारच्या जड, घोगऱ्या आवाजावर पुढे संगीताचा एक अख्खा प्रकार उभा राहिला. बोटाची सोय बघितली म्हणून संगीत कमी झालं नाही, उलट नवं काही सापडलं.

आपल्याकडेही प्रत्येक वाद्याने बोटासाठी आपापली वाट काढलीच आहे. सरोदिये नखाच्या कडेने तार दाबतात आणि मैफलीतही मधूनच नख घासून घेतात. सारंगिये तार बोटाच्या टोकाने न दाबता नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीने सरकवतात आणि हाताला पावडर लावतात. म्हणजे बोटाची काळजी घेणं हा वादनाचाच भाग आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता मुद्द्यावर येते. आपण शाळेला जी वाद्यं देणार आहोत, ती दहा ते पंधरा वर्षांची मुलं वाजवणार. पुण्यात आमच्या सोसायटीत निदान सात-आठ घरांत कपाटावर गिटार पडून आहे. मुलांना विचारलं तर बहुतेक जण एकच सांगतात, "बोटं दुखायची, मग सोडलं." मुलात आवड नाही असं आईवडील समजतात. बऱ्याचदा दोष वाद्याच्या जुळणीत असतो. तारा लाकडी पट्टीपासून फार उंच असल्या की मोठ्या माणसालाही दाबवत नाहीत. शाळेत पन्नास हजारांची वाद्यं आली आणि महिन्याभरात मुलं पळाली, तर आपली भेट कपाटावर जाऊन बसेल. म्हणून माझ्या काही सूचना आहेत.

एक, गिटार घ्यायच्या तर लहान मुलांसाठी पाऊण मापाच्या आणि नायलॉन तारांच्या घ्याव्यात. नायलॉन जाड आणि मऊ असतं, बोटात रुतत नाही. फक्त त्या गिटारला पुढे कोणी पोलादी तारा लावू नयेत, कारण तेवढा ताण तिला झेपत नाही, घोडी उखडते. अशी पाटीच वर्गात लावू.

दोन, मोठ्या मुलांसाठी पोलादी तारांच्या दोन गिटार घेतल्या तर त्यांना बाराच्या ऐवजी दहाचा संच लावावा. पहिल्या तारेचा ताण त्याने तीस टक्क्यांनी उतरतो. आणि दुकानातून उचलण्याआधी बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते पट्टीने मोजावं. दोन-अडीच मिलिमीटर ठीक. चार असेल तर दुकानदाराकडून आधी बसवून घ्यावी.

तीन, सतार आणि तानपुरा मिरजेहूनच घ्यावा. मिरज आपल्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर, आणि शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरातून आलेली ही कारागिरी दीडशेहून अधिक वर्षांची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे जाऊन कारागिराला सरळ सांगता येतं की सतार मुलांसाठी आहे, दांडी जरा बारीक हवी, पडदे गुळगुळीत हवेत, तारेची उंची बेताची हवी. पडदे घासून चरा पडलेले असले की तार अडकते आणि बोट सोलतं, ते दुरुस्तही तिथेच होतं.

चार, सगळे पैसे खरेदीत घालू नयेत. चौथा हिस्सा मागे ठेवावा, दरवर्षी नव्या तारा आणि जवारीसाठी. वाद्य देणारे पुष्कळ भेटतात, तारा देणारा कोणी भेटत नाही.

आणि पाच, वर्गात एक डबा ठेवावा: खोबरेल तेल, कापूस, सुती फडकं, नेलकटर, बारीक कानस. पस्तीस मिनिटांच्या तासात एका मुलाच्या हातात वाद्य सलग दहा मिनिटं, मग दुसऱ्याकडे. उरलेला वेळ गाणं आणि ताल. सध्याच्या संगीत शिक्षिका इथे बसल्या आहेत. बाई, हा डबा दरवर्षी भरून देण्याचं काम मी माझ्याकडे घेते.

शेवटी सर आणि बाई, तुम्हाला एक सांगायचं आहे. आम्ही सगळे आता पंचेचाळीस-शेहेचाळीसचे झालो आहोत. कोणाचा गुडघा कुरकुरतो, कोणाची साखर, कोणाची मान. या वयात नवं काही सुरू करायला शरीर आधी नकार देतं, आणि बऱ्याचदा त्या पहिल्या नकारालाच आपण शेवटचा समजतो. त्याच्यापुढे तीन-चार आठवडे टिकलं की बरंच काही बदलतं, एवढं माझ्या दोन बोटांवरून मी खात्रीने सांगू शकते. मी फार मोठी सतारिया होणार नाही. पण यमनची एक विलंबित गत मी आता नीट वाजवते, मींडीसकट, आणि माझी तीन महिन्यांची साखरेची सरासरी ८.४ वरून ६.९ वर आली आहे. त्यात सतारीचा वाटा किती आणि चालण्याचा किती, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही. गुरुजींनी मात्र ठरवून टाकलंय.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मी मिरजेला जाणार आहे. गाडीत चार जागा आहेत. ज्यांना वाद्यं निवडायला यायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी नाव द्यावं. येताना डाव्या हाताची नखं तेवढी कापून या.